शुद्धीकरण केंद्रातून चांगलं निघालेलं पाणी नळाला गढूळ का येतं? आणि यावर संशोधन करणारे इंजिनिअर नेमकं करतात काय?

तुम्ही लिहिलंय की गावात चौथ्या दिवशी नळ येतात, नगरपालिका जलशुद्धीकरण केंद्राचा उत्तम रिपोर्ट दाखवते, तरी पहिल्या दोन-तीन बादल्या गढूळ आणि वास मारणाऱ्या असतात. मग पाण्यावर पीएचडी करणाऱ्यांचा उपयोग काय, असंही विचारलंय. मी हेच काम करतो. सिव्हिलचा माणूस, मूळ जळगाव जिल्ह्यातला, आणि माझा अभ्यास खान्देशातल्या लहान शहरांच्या पाइपलाइनींवर आहे.

तो रिपोर्ट खोटा असेलच असं नाही. केंद्रातून निघताना पाणी बहुतेक वेळा चांगलंच असतं. ते बिघडतं वाटेत, आणि मुख्यतः पाइप रिकामा पडलेला असतो त्या दिवसांत.

व्हॉल्व्ह बंद झाला की उताराकडची घरं पाइपात उरलेलं पाणी ओढून घेतात आणि आत पोकळी होते. आपल्याकडे जुन्या गल्ल्यांत घरगुती कनेक्शनचा अर्धा इंची जीआय पाइप गटार ओलांडून, कधी कधी गटारीतूनच घरात गेलेला असतो. गंजलेला, सांधे ढिले झालेला. आत दाब आहे तोवर त्या छिद्रांतून पाणी बाहेर गळतं. दाब गेला की त्याच छिद्रांतून बाहेरची घाण आत शिरते. पुढच्या पाळीला पाणी सुटलं की ती, पाइपात साचलेल्या गाळासकट, आधी तुमच्या बादलीत पडते.

कर्नाटकातल्या हुबळी-धारवाडला यावर फार मोलाचा अभ्यास झाला आहे. तिथे काही वॉर्डांत 24 तास पाणी सुरू झालं होतं आणि बाकी शहराला काही दिवसांआड मिळत होतं. एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन या संशोधकांनी दोन्ही भागांतले नमुने तपासून 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. 24 तासवाल्या भागात नळाच्या 0.7 टक्के नमुन्यांत ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, सापडले, काही दिवसांआडच्या भागात 31.7 टक्के नमुन्यांत. हा फरक मला आजही अस्वस्थ करतो, कारण त्या 31.7 टक्क्यांत आपली सगळी तालुक्याची गावं मला दिसतात.

आता माझ्या कामातलं एक दृश्य सांगतो. तालुक्याच्या एका गावात, गल्लीच्या अगदी शेवटच्या घरी, आम्ही नळाला शून्याखालचा दाबही दाखवणारा गेज बसवला होता. पहाटे व्हॉल्व्हमनने रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण उचललं आणि लांब दांड्याची चावी घालून व्हॉल्व्ह फिरवायला घेतला. नळातून आधी नुसती हवा फुसफुसली, मग तांबूस पाणी. "पानी उनं वं!" अशी हाक गल्लीभर गेली. काटा जरा वर चढला. तेवढ्यात वरच्या अंगाच्या एका घरात मोटार सुरू झाली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. काटा शून्यावर आला आणि बघता बघता शून्याच्या खाली गेला. म्हणजे पाणी चालू असतानाच पाइप बाहेरचं काही ना काही आत ओढत होता. त्या घरातली आजी रिकामी कळशी घेऊन नळाशी बसून होती. सरकारच्या 1999 च्या नियमावलीतसुद्धा एकमजली घराला निदान 7 मीटर दाब, म्हणजे पाणी 7 मीटर उंच चढेल इतका जोर, सांगितला होता.

मोटारी लावणाऱ्यांना दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. दिवसाची गरज 24 तासांऐवजी 2 तासांत ओढली की प्रवाह सरासरीच्या 12 पट होतो. चार दिवसांचा साठा करायचा म्हटलं की त्याहून कितीतरी जास्त. आणि पाइपातल्या प्रवाहासाठी वापरल्या जाणाऱ्या हेझन-विल्यम्सच्या सूत्रानुसार प्रवाह दुप्पट झाला की घर्षणात जाणारा दाब साडेतीन पटींहून अधिक वाढतो. एवढ्या ओढीसाठी ते पाइप टाकलेलेच नसतात. टाकीजवळच्यांना धो धो आणि शेवटच्याला थेंब, हे त्यातूनच येतं. शेवटचा माणूस मोटार लावतो, त्याचं बघून मधला लावतो. त्यात आपल्याकडे कित्येक नळांना तोट्याच नसतात. भांडी भरून झाली तरी पाणी गटारीत वाहतच राहतं आणि दाब आणखी पडतो.

संशोधन म्हणजे हे सगळं मोजणं आणि गणितात बसवणं. अमेरिकी पर्यावरण खात्याचं ईपानेट नावाचं सॉफ्टवेअर 1993 पासून फुकट उपलब्ध आहे. गावाचे पाइप, टाक्या, चढ-उतार त्यात भरले की कुठे किती दाब राहील ते काढता येतं. पण जुनी पद्धत असं धरून चालायची की प्रत्येक घराला हवं तेवढं पाणी मिळतंच. आपल्याकडे तेच तर होत नाही. दाब कमी असताना प्रत्यक्षात किती पाणी पोहोचतं, हा प्रश्न नागपूरच्या प्रा. प्रमोद भावे यांनी 1981 मधल्या शोधनिबंधात मांडला. ईपानेटमध्ये दाबानुसार पाणी काढण्याची सोय 2020 च्या आवृत्तीत आली. मराठी मुलखातल्या प्राध्यापकाने हा प्रश्न इतका आधी ओळखला होता, हे इंजिनिअरिंगच्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवं.

या गणितातून निघतं ते अगदी रोजच्या कामाचं असतं. कोणता व्हॉल्व्ह आधी उघडायचा, गल्लीचे झोन कसे पाडायचे, पाइपातली हवा सोडणारा एअर व्हॉल्व्ह कुठे बसवायचा, पूर्ण लाइन बदलण्याऐवजी कुठला तुकडा बदलला तर शेवटच्या घराला पाणी चढेल.

दुसरा भाग जंतू मारणाऱ्या क्लोरिनचा. भारतीय मानक 10500 नुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन उरलेलं असावं. उष्णतेने क्लोरिन लवकर उडतं आणि आपल्या मे महिन्याबद्दल खान्देशी माणसाला सांगायला नको. पारा 45 ला टेकला की गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापतं. त्यात चार दिवस साठवलेल्या पाण्यात क्लोरिन उरत नाही. म्हणून नळाला चांगलं आलेलं पाणीही तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरवशाचं राहत नाही. खेड्यांत तर गाडी टीसीएल पावडरपाशीच (ब्लीचिंग पावडर) अडते. ताज्या पावडरमध्ये 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असतं, पण ग्रामपंचायतीच्या खोलीत पोतं उघडं पडलं की ते झपाट्याने उतरतं. पाण्यात औषध टाकणारा गावचा जलसुरक्षक मापाने पावडर टाकतो, पण तिच्यात दम उरलेला नसतो. ग्रामपंचायतीला पाण्याच्या तपासणीत हिरवं (सुरक्षित) कार्ड मिळालंय का लाल (धोक्याचं), हे विचारताना पोतं कधीचं आहे तेही विचारा.

यावल-रावेरकडे केळीच्या पट्ट्यात बोअरचं पाणी पीत असाल तर खतांतून पाण्यात उतरणारं नायट्रेट जरूर तपासा. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. ते दिसत नाही, वास येत नाही आणि उकळून जात नाही; पाणी आटलं की प्रमाण उलट वाढतं. बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा सर्वांत जास्त धोका.

तुमच्या घरापुरतं सांगायचं तर पहिल्या बादल्या सांडायला, धुवायला वापरा. पिण्याचं पाणी नळ स्वच्छ झाल्यावर भरा. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, गाळा, मग मेडिक्लोरसारखं द्रावण बाटलीवरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात थेट औषध टाकलं तर ते गाळातच खर्ची पडतं. मोटार थेट नळाला न लावता जमिनीतल्या टाकीत पाणी पडू द्या आणि मोटार त्या टाकीला लावा. कनेक्शन गटारीतून गेलं असेल तर प्लंबर बोलावून ते बदलून घ्या. आरओ मशीनपेक्षा हा खर्च आधी करा असं मी ठामपणे सांगेन.

क्लोरिन तपासायचं ओटी टेस्टचं किट ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत असतं. पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. आला नाही तर त्या पाण्यात क्लोरिन नाही. जंतूंसाठी एच टू एसची बाटली मिळते. ही चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये पुढे आणली. पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर पिऊ नये. आपल्या उन्हाळ्यात तिला उबवणी यंत्रही लागत नाही.

धरणात पाणी कमी म्हणून चौथा दिवस, हे उत्तर तुम्हाला मिळेल. काही वर्षी ते खरंही असतं. पण वाघूर, गिरणा भरलेली असतानाही पाळी तीच राहिली, तर अडचण वितरणात आहे. कराडजवळच्या मलकापूरने घरोघरी मीटर लावून 24 तास पाणी देऊन दाखवलं आहे. लहान गावाला हे झेपत नाही असं म्हणायला त्यामुळे जागा उरलेली नाही.

नगरपालिकेत अर्ज कराल तेव्हा केंद्राचा रिपोर्ट मागू नका. पाण्याचा नमुना तुमच्या गल्लीच्या शेवटच्या घरातून, पाणी सुटल्यावर पहिल्या दहा मिनिटांत घ्यावा आणि त्याच वेळी तिथला दाब व क्लोरिन मोजून तिन्ही नोंदी तारीख-वेळेसह द्याव्यात, असं लिहा. अर्जाची पोच घ्या आणि गल्लीतल्या निदान पाच-सहा घरांच्या सह्या जोडा.