गोधडी विणत नाहीत. आणि वाकळीचं मूळ

अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे: शेजारच्या चर्चमध्ये आजारी माणसासाठी क्विल्ट करतात. थरांमधून जाड दोरा ओवून त्याची टोकं मोकळी सोडतात, आणि येणारा प्रत्येक जण त्या माणसासाठी प्रार्थना करून एकेक गाठ मारतो. मग ती क्विल्ट आजाऱ्याच्या अंगावर जाते. याला मराठीत 'प्रार्थनेने विणलेली गोधडी' म्हणावं, की आपल्याकडे आणखी बरा शब्द आहे?

आधी ते 'विणलेली' काढा. गोधडी विणत नाहीत, शिवतात. मातृदिन आला की कवितांतून, भाषणांतून, जाहिरातींतून 'आईने मायेने विणलेली गोधडी' सुरू होते आणि दर वेळी माझा संताप होतो. विणताना सुतापासून कापड तयार होतं. गोधडीत कापड आधीच नेसून, धुऊन, विटून मऊ पडलेलं असतं. जी बाई जुन्या लुगड्याचे आणि धोतराचे धडके निवडते, अस्तर ताणून बसवते, कडेपासून आत आत धावदोरा नेत महिनाभर टाके घालते, तिची सगळी मेहनत ते एक चुकीचं क्रियापद पुसून टाकतं. आणि शब्दांची वाण आहे असंही नाही. शिवणं आहे, टाचणं आहे, लुगड्याचा विरलेला भाग काढून दंड घालणं आहे, तुणणं आहे. तुणणं म्हणजे रफू करणं. संस्कृतात शिंप्याला 'तुन्नवाय' म्हणत, तोच हा 'तुन्न'. इतका जुना शब्द घरात असताना 'विणणं' कशाला हवं?

गोधडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हिंदीतली गुदडी, गुजरातीतली गोदडी आणि आपली गोधडी या एका घरच्या; अर्थ चिंध्यांचाच. 'गोद म्हणजे मांडी, म्हणून आईच्या मांडीची ऊब देणारी ती गोधडी' ही व्युत्पत्ती हल्ली फार फिरते. ती सोडून द्या. मराठी आईला मांडी असते, ओटी असते, गोद हिंदीत. आणि ज्या हिंदीत गोद आहे, तिथे या पांघरुणाला गोदडी नव्हे, गुदडी म्हणतात.

खरा शब्द वाकळ. कोल्हापूर-सांगलीकडे तो अजून रोजच्या बोलण्यात आहे. कोशात पाहावं तर 'वाकळ: गोधडी' एवढं देऊन पुढे जाणारे भेटतात. प्रतिशब्द दिला की काम संपलं, असं कोशकाराने तरी मानू नये. एका अभ्यासू मित्राने तर मला ऐकवलं की ती अंगावर वाकते म्हणून वाकळ. वाकत नाही असं कुठलं कापड असतं?

वाकळ म्हणजे वल्कल. संस्कृत वल्कल, त्याचं प्राकृत वक्कल, त्याचं मराठी वाकळ. भक्त, भत्त, भात ज्या वाटेने आले त्याच वाटेने हा शब्द आला: जोडाक्षर सुटं झालं आणि आधीचा स्वर लांबला. शेवटच्या 'ल'चा 'ळ' झाला, जसा फल-फळ, कमल-कमळ यांत होतो. लहान भावंडही हजर आहे. अंबाडीच्या किंवा घायपाताच्या ज्या तंतूंचा दोर वळतात त्यांना आपण वाख किंवा वाक म्हणतो. तो वल्क, म्हणजे साल. पालीतही सालीला 'वाक'च म्हणतात.

दोन आक्षेप येतील. वल्कल नपुंसकलिंगी आणि वाकळ स्त्रीलिंगी कशी? गोधडी, कंथा, पासोडी या सगळ्या स्त्रीलिंगी. त्यांच्या संगतीत हीही तशीच झाली. दुसरा आक्षेप जड आहे: झाडाच्या सालीला ठिगळं कुठून आली? इथून पुढे माझं मत आहे आणि मी ते सोडणार नाही. नाव कापडाचं नव्हतं, ते पांघरणाऱ्याचं होतं. रानातला तपस्वी साल नेसे, गावात आलेला भिक्षेकरी चिंध्या जोडून पांघरे. वस्त्र बदललं, ओळख तीच राहिली. बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांत, सालीचं 'वाकचीर' नेसायला मनाई आहे, आणि तुकडे जोडून केलेलं चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, सांगितलं आहे. मगधातली बांधाबांधांनी आखलेली शेतं दाखवून बुद्धांनी आपल्या आनंद या शिष्याला विचारलं, असं चीवर करता येईल का? आनंदाने ते करून दाखवलं. गोधडीचे चौकोन आणि शेताचे बांध यांची सांगड इतकी जुनी आहे.

आणि हे दूर मगधातच राहिलेलं नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने 3000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमचे ठेवले. त्यातल्या 2000 वर दरमहा शेकडा एक व्याज, आणि त्यातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात एका जागी, राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. गुणाकार करून पाहा: वर्षाचे 240, वीस गुणिले बारा. दुसऱ्याच्या अंगावर पांघरूण असावं म्हणून केलेला हा हिशोब एकोणीसशे वर्षं खडकात आहे. मूळ रक्कम विणकरांकडे, शिवणं भिक्षूंकडे. विणणं आणि शिवणं यांतला फरक तेव्हाही लोकांना ठाऊक होता!

म्हणून म्हणतो, क्विल्टला वाकळच म्हणा. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'कुल्किटा' आहे, त्याचा अर्थ गादी. त्यात मऊपणा आहे, पण व्रत नाही. वाकळीत ते मुळापासून आहे, वर 'प्रार्थना' हे विशेषण चिकटवलं नाही तरी चालतं.

तरी त्या भगिनींना त्या गाठी सांगायच्याच आहेत, आणि ते योग्य आहे, कारण तिथे धावदोरा नसून गाठींनीच थर धरलेले असतात. मग 'प्रार्थनेच्या गाठींची वाकळ' लिहा. गाठी मारून उरलेल्या दोऱ्याच्या टोकांना 'धागे' म्हणून सोडू नका, 'दशा' म्हणा. एक असेल तर दशी. हाही संस्कृतातूनच आलेला, वस्त्राच्या काठाला सुटणाऱ्या सुतांचा शब्द आहे. बीजेची कोर दिसली की आपल्याकडे नेसूच्या वस्त्राची एक दशी काढून चंद्राला वाहत आणि हात जोडत.