नेगेवमधली जुनी शेती फोटोत सपाट का दिसते?

इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या अवदात या प्राचीन नगराच्या टेकडीवर जुन्या शेतकऱ्यांनी रचलेले दगडांचे ढीग फोटोत दिसतच नाहीत, लेन्स कोणती घेऊ, असं एका वाचकाने विचारलंय. लेन्स राहू द्या, वेळ बदला. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असताना ३० सेंटिमीटरच्या ढिगाची सावली १७० सेंटिमीटर पडते, ३६ अंशांवर जेमतेम ४०. डिसेंबरात तिथे भर दुपारी सूर्य ३६च्याच आसपास असतो. म्हणजे सूर्योदयानंतरचा तासभर आणि सूर्यास्ताआधीचा तासभर, एवढंच हाती लागतं. दगडांची ओळ किरणांच्याच दिशेने जात असेल तर तिची सावली बाजूला पडत नाही आणि ती गायब होते. त्यामुळे एकाच जागेवरून सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा काढा.

खरी गडबड मात्र चौकटीत आहे. बहुतेक जण ओढ्यातले आडवे बांध टिपतात आणि वरचा उतार कापून टाकतात. तिथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. म्हणून एक हेक्टर शेतामागे २० ते ३० हेक्टर उतार पाण्यासाठी राखलेला असे. तिथली लोएस माती (वाऱ्याने आणलेली बारीक माती) भिजली की वर पापडी धरते, पाणी मुरण्याऐवजी वाहतं. २० हेक्टरांवरचं १५ टक्के पाणी जरी खाली उतरलं तरी शेताला ३०० मिलिमीटर जादा मिळतात. वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल एवेनारींनी १९५० च्या दशकाअखेरीस शिव्ता (नेगेवमधलंच आणखी एक प्राचीन नगर) आणि अवदातला अशी शेतं पुन्हा उभी केली. दगड वेचून ढीग लावले की उतारावरून पाणी जास्त येतं, हेही त्यांनी मोजलं. तिथले भटके अरब, म्हणजे बेदुइन, या ढिगांना द्राक्षांचे ढिगारे म्हणतात, जणू ते वेलींसाठीच रचले होते; मला पाण्याचं कारणच जास्त पटतं.

तेव्हा समोरच्या टेकडीवर चढा. ७०-२०० लेन्स, एफ/८, आयएसओ १००, ट्रायपॉड. उतार, पाट आणि बांध एकाच चौकटीत बसवा. माती फिकट असल्याने कॅमेरा फोटो काळवंडवतो, एक्सपोजर दोन तृतीयांश स्टॉप वाढवा आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा. १६ मिलिमीटरवर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावाल तर निळ्या आभाळात गडद पट्टा येईल. ऊन चढलं की लांबचे बांध हवेत थरथरतात, तेव्हा टेलिफोटो आवरा.

बांध ओळखायचा तर त्याच्या वरच्या अंगाला गाळ साचून जमीन सपाट झालेली असते आणि जादा पाण्यासाठी भिंतीत एक ठेंगणा सांडवा सोडलेला असतो. मेंढवाड्यात हे दोन्ही नसतं. आणि सरसकट ‘नबाती शेती’ लिहू नका; नबाती हे इथले प्राचीन अरब व्यापारी, पण शेतांचे बरेचसे अवशेष त्यांच्या नंतरच्या बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) काळातले आहेत.

ड्रोनला राष्ट्रीय उद्यानात परवानगी लागते. आसपास लष्करी सरावाची क्षेत्रं आहेत, नकाशा आधी बघा. वर कुठे पाऊस असेल तर ओढ्यात उतरू नका, तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येतो.