मुरमांचं औषध फक्त मुरमावर लावू नका

प्रश्न : मी अकरावीत आहे. कपाळावर आणि गालांवर मुरमं आहेत. डॉक्टरांनी दिलेलं ॲडापलीन जेल दहा दिवस प्रत्येक पुळीवर भरपूर लावलं. मुरमं तशीच आहेत, उलट नाकाजवळची कातडी सोलवटली आणि चेहरा भगभगतो. बंद करू का? – विद्यार्थिनी, सांगली

दोन-तीन रात्री थांब, पण औषध सोडू नकोस. औषध योग्य आहे, लावायची पद्धत बदलायला हवी.

आज दिसणारं मुरूम आज तयार झालेलं नसतं. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात. त्याच वेळी केसाच्या मुळाजवळच्या बारीक नळीतल्या मृत पेशी एकमेकींना चिकटतात आणि नळीचं तोंड बुजतं. आत कोंडलेल्या तेलावर जिवाणू वाढतात, मग लाली, सूज आणि पू. नळी बुजल्यापासून पुळी वर येईपर्यंत कित्येक आठवडे जातात. ॲडापलीन मुख्यतः नळी बुजू देत नाही, म्हणजे त्याचं खरं काम पुढच्या महिन्यात येणाऱ्या पुळ्यांवर चालतं. म्हणूनच ते मुरमं येणाऱ्या सगळ्या भागावर लावायचं असतं, आणि फरक 8 ते 12 आठवड्यांनी कळतो. पहिले काही आठवडे मुरमं थोडी वाढल्यासारखीही दिसतात. बहुतेक मुली नेमक्या याच टप्प्यावर कंटाळून ट्यूब फेकून देतात.

आता पद्धत. रात्री सौम्य फेसवॉशने चेहरा धू, टॉवेलने टिप, घासू नकोस. 15-20 मिनिटं त्वचा पूर्ण कोरडी होऊ दे, कारण ओल्या त्वचेवर जेल जास्त झोंबतं. नाकपुड्यांच्या खाचांत आणि ओठांच्या कोपऱ्यांवर थोडं व्हॅसलीन लाव. मग मॉइश्चरायझरचा पातळ थर दे. अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याच्या एका दाण्याएवढंच जेल घे, कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर टेकव आणि पसरव. डोळ्यांच्या कडा सोड. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड लाव, भगभग थांबली की रोज. जास्त जेल लावलं म्हणून मुरमं लवकर जात नाहीत, कातडी मात्र नक्की सोलते. सकाळी एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन हवंच, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं. उन्हाने मुरमांचे काळे डाग जास्त गडद होतात आणि महिनोन्महिने राहतात.

पू असलेल्या पुळ्याही असतील, तर सकाळसाठी 2.5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडबद्दल डॉक्टरांना विचार. त्याने कपड्यांचा रंग उडतो, म्हणून टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा वापर. क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं जेल एकटंच महिनोन्महिने लावू नकोस, जिवाणू त्याला दाद देईनासे होतात.

आणखी एक. केसांच्या रेषेलगत बारीक बारीक मुरमं असतील, तर रात्री चपचपीत तेल लावून झोपणं बंद कर. आईचा आग्रहच असेल, तर न्हाण्याआधी तासभर, कपाळ सोडून लाव.

प्रश्न : वय 31. डाग आणि मुरमांसाठी औषधाच्या दुकानातून क्रीम आणलं. आठवड्यात चेहरा उजळला. आता चार महिने झाले. एक दिवस लावलं नाही तरी चेहरा लालभडक होतो, आग होते, पुळ्या येतात. – गृहिणी, नांदेड

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी काही असेल, तर ते स्टेरॉइड आहे. वांगासाठी हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनसोबत स्टेरॉइड असलेलं क्रीम त्वचातज्ज्ञ देतात, पण ठरावीक आठवड्यांसाठी आणि देखरेखीखाली. गोरेपणाचं क्रीम म्हणून ते शेजारीपाजारी फिरतं, हे आम्हाला फार गंभीर वाटतं.

स्टेरॉइडने सूज दबते, रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा आधी उजळतो. हळूहळू कातडी पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, ओठांवर-गालांवर लव वाढते आणि स्टेरॉइडमुळेच नवी मुरमं येतात. क्रीम थांबवलं की आकसलेल्या वाहिन्या एकदम फुलतात. तुम्हाला होणारी आग ती हीच, ती क्रीमची गरज नव्हे.

ट्यूब घेऊन त्वचातज्ज्ञांकडे जा. स्टेरॉइड किती तीव्र आहे त्यावर ते एकदम थांबवायचं की कमी करत आणायचं हे ठरतं. तोवर स्क्रब, ब्लीच, फेशियल, लिंबू, टूथपेस्ट सगळं बंद. साधं, सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन आणि आग झाली की गार पाण्याची घडी, एवढंच ठेवा. सुरुवातीचे काही आठवडे त्रास वाढेल. तेव्हा पुन्हा तेच क्रीम लावलंत, तर पहिल्यापासून सुरुवात.

प्रश्न : जिमला जातो. छाती, पाठ आणि कपाळावर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या आल्या. अँटिबायोटिक गोळ्यांनी वाढल्या. – वाचक, पुणे

खाज, एकसारखा आकार आणि अँटिबायोटिकने वाढ, हे तिन्ही एकत्र असलं की बुरशीचा संशय घ्यावा. मॅलॅसेझिया ही बुरशी घामट, तेलकट त्वचेवर केसांच्या मुळांशी वाढते. अँटिबायोटिकने जिवाणू घटतात आणि तिला मोकळं रान मिळतं. डॉक्टरांना दाखवा. निदान तेच निघालं, तर सहसा 2 टक्के किटोकोनॅझोल शॅम्पू अंगाला लावून पाच मिनिटांनी धुवायला सांगतात, जोडीला कधी गोळ्याही देतात. घामट टी-शर्ट लगेच बदला. व्हे प्रोटीन किंवा ताकदीची इंजेक्शनं घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका, दोन्हींनी मुरमं वाढू शकतात.

प्रश्न : चार महिन्यांनी मुलीचं लग्न आहे. मोठ्या, दुखऱ्या गाठींसाठी डॉक्टर आयसोट्रेटिनॉइन सुचवतात. द्यावं का? – आई, कोल्हापूर

खड्डे पाडणाऱ्या गाठींसाठी हे सगळ्यात परिणामकारक औषध आहे. अट एकच, पण कडक : या गोळ्या चालू असताना आणि संपल्यावर निदान एक महिना गर्भ राहता कामा नये, बाळात गंभीर व्यंग येतं. कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो, म्हणजे तो लग्नानंतरही चालेल. तेव्हा गर्भनिरोधाचं मुलीशी आणि डॉक्टरांशी आधीच स्पष्ट बोला. गोळी जेवणासोबत घ्यायची, ओठ फुटतात म्हणून लिप बाम जवळ ठेवायचा, आणि चेहऱ्याचं वॅक्सिंग करायचं नाही, कातडी सोलून निघते. हे ब्युटी पार्लरमध्येही आधीच सांगून ठेवा. पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर केस येत असतील, तर पीसीओएसची (संप्रेरकांच्या बिघाडाशी जोडलेला अंडाशयाचा विकार) तपासणीही करून घ्या.