पाऊस-पाण्याची माहिती देणाऱ्या फाउंडेशनचा कारभार कसा ठेवावा?

तुम्ही विचारलंय की बीडकडं पाऊस अन् विहिरींच्या पाणीपातळीची माहिती शेतकऱ्यांना फुकट देणारी फाउंडेशन काढायचीय, तर बोर्डावर कोण घ्यायचं. आधी हे बघा, नुसतं फाउंडेशन नाव लावून काही होत नाही, एकतर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानं धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात नोंदणी करा नाहीतर २०१३ च्या कंपनी कायद्यातली सेक्शन ८ कंपनी, म्हंजी नफा वाटून न घेणारी कंपनी काढा. ट्रस्ट असंल तर विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हंजी बदल कळवायचा अर्ज, तिथंच टाकायचा, इथंच लई जणांचं घोडं अडतं, अन् दरवर्षी ऑडिट.

पण खरी मेख आकड्यात हाय. उन्हाळ्यात पाणीपातळीच्या आकड्यावर टँकर मागायचे अर्ज होतात, अन् तुमच्या बोर्डावरच टँकरवाला किंवा बोअरच्या गाडीवाला बसलेला असंल तर आकडा कोण मानणार? म्हणून संस्थेच्या घटनेतच, म्हंजी नियमावलीत, लिहून टाका, ज्याचा धंदा विषयात गुंतलाय त्यानं त्या ठरावाला मत द्यायचं नाही अन् तसं बैठकीच्या प्रोसिडिंग बुकात नोंदवायचं. रीडिंग दुरुस्त करायचा अधिकार विश्वस्तांना देऊच नका, अध्यक्षालाबी नाही, ते काम भूजलातल्या जाणकारांच्या वेगळ्या समितीकडं, अन् जुना आकडा खोडायचा नाही, शेजारी नवा लिहून तारीख अन् कारण टाकायचं. देणगीदाराला आकडे सगळ्यांसोबतच मिळतील, आधी नाही, हे पैसे घ्यायच्या आधीच बोलून घ्या राव.