खानापूरकडच्या गावात नवीन आलेल्या सुनेने कोणत्या गटात जावं? गटांचे प्रकार कोणते आणि फायदा कशाचा?

तुम्ही लिहिलंय की लग्न होऊन बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आलात, शेजारच्या काकी ‘संघात ये’ म्हणतात, नणंद भिशीत ओढते, फायनान्सवाले पाच बायकांचा गट करा म्हणून दारात येतात, आणि सगळं सारखंच वाटतं. सारखं नाही. फरक पैशाच्या वाटेत आहे.

पुस्तकातलं वर्गीकरण आधी उरकून टाकतो. घर, शेजार, खेळगडी अशा समोरासमोरच्या जिव्हाळ्याच्या गटांना चार्ल्स कूलीने 1909 मध्ये ‘प्राथमिक गट’ म्हटलं. कामापुरते जमलेले, नियमांनी चालणारे ते दुय्यम. परीक्षेला एवढं पुरतं. गावात मात्र दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात. संघाची सचिव तीच शेजारची काकी, म्हणून हप्ता थकला की बोलणंही थकतं. पैशाच्या गटात जाताना हे धरूनच चाला.

आता संघ, म्हणजे बायकांचा बचत गट. आपल्या भागात अंगणवाडीमार्फत चालणारे स्त्रीशक्ती संघ, संजीवनी या सरकारी योजनेचे संघ आणि धर्मस्थळ संस्थेच्या ग्रामविकास योजनेचे संघ असे मुख्य प्रकार दिसतात. बचत गट साधारण 10 ते 20 जणींचा असतो. समजा 15 जणी आठवड्याला 50 रुपये भरतात. आठवड्याला 750 आणि 26 आठवड्यांत 19,500 रुपये जमतात. हे पैसे पडून ठेवायचे नसतात, आपसात कर्जाला फिरवायचे. व्याज महिना शेकडा दोन धरलं तर ते संघातच राहतं.

इथेच हिशेब नीट बघा. 10,000 रुपये दहा हप्त्यांत फेडायचे आणि व्याज उरलेल्या रकमेवर लावलं, तर पहिल्या महिन्याला 200, मग 180 असं उतरत एकूण 1,100 होतं. तेच व्याज शेवटपर्यंत मूळ दहा हजारांवर लावलं तर 2,000. दोन्हीकडे दर ‘दोन टक्के’च सांगितला जातो. ‘घटत्या रकमेवर की सपाट?’ एवढं विचारलंत तर 900 रुपयांचा फरक कळतो.

बँकेत खातं संघाच्या नावाने उघडतात. खाते उघडताना सगळ्यांचं नव्हे, पदाधिकाऱ्यांचं केवायसी पुरतं. पुढे कर्जाच्या वेळी बाकीच्यांचं मागतात. साधारण सहा महिने बैठका, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब नीट चालले की बँक कर्जाचा विचार करते. नुसती शिल्लक मोठी असून भागत नाही. सहा महिने पैसे साठवले पण आपसात एक रुपया फिरवला नाही, असा संघ बँकेच्या तपासणीत मागे पडतो.

सीमाभागात आणखी एक अडचण येते. बोलणं सगळं मराठीत, पण बँकेला आणि सरकारी खात्याला जाणारा ठराव बहुतेक वेळा कन्नडमध्ये लागतो. मग जी कन्नड शाळेत शिकली, तिला सचिव करतात, आणि हळूहळू वही फक्त तिलाच वाचता येते. ती प्रामाणिक असली तरी संशय सुटत नाही, नसली तर वर्ष दोन वर्षं कळतही नाही. उपाय सोपा आहे. दर बैठकीत जमा, कर्ज, थकबाकी आणि हातातली रोकड मोठ्याने मराठीत वाचायची, आणि प्रत्येकीच्या पासबुकात तिथल्या तिथे आकडा चढवायचा. ‘पासबुकं सचिवाकडेच असू देत’ म्हणणाऱ्या संघात मी तरी कुणाला जा म्हणणार नाही.

फायनान्सवाल्यांचा गट दिसतो संघासारखाच, पण तिथे तुमची बचत नसते. तुम्ही एकमेकींना जामीन असता. एकीने हप्ता चुकवला की कंपनीचा माणूस बाकीच्या चौघींना बसवून ठेवतो, आणि गाव बघतं. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार असं कर्ज घेणाऱ्या घरातल्या सगळ्या कर्जांचे मासिक हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटक सरकारने 2025 मध्ये वेगळा कायदाही केला आहे. तरी तिसऱ्या गटाचा हप्ता भरायला चौथा गट धरणं हा खड्डा स्वतःच खणायचा असतो, कायदा तिथे पुरत नाही.

भिशी थोडक्यात. बारा जणी, महिना 2,000, म्हणजे दर महिन्याला 24,000 उचल. बोलीच्या भिशीत गरजू 21,000 ला उचलते, उरलेले 3,000 बारा जणींत 250 प्रमाणे वाटले जातात. आधी उचललेली पुढे भरायची थांबते, भिशी फुटते ती इथे. उचल देताना सहीचा कागद आणि आतलीच एक जामीनदार घ्या. अशा भिशीच्या नोंदणीसाठी 1982 चा चिट फंड कायदा आहे. मोठ्या रकमेची, अनोळखी माणसांची, नोंदणी नसलेली भिशी असेल तर लांबूनच नमस्कार.

पैरा हाही गटच आहे, नाव नसलेला. भात लावणीला आज तुमच्या शेतात आठ जणी, उद्या दुसरीच्या. रोजंदारी वाचते, पण दिवस मोजून फेडावे लागतात आणि पाऊस लांबला की पाळीवरून कुरबुर होते. पाळी आधीच ठरवून ठेवा.

भजनी मंडळ, हळदीकुंकवाचं महिला मंडळ, गल्लीचं गणेशोत्सव मंडळ यांच्याकडून पैशाची अपेक्षा नको. नव्या सुनेला खरा आधार मात्र बऱ्याचदा इथेच मिळतो. रेशन कार्डात नाव कसं घालायचं, कोणता डॉक्टर बरा, रात्री गाडी कुणाकडे मिळेल, हे सगळं इथे कळतं. आधी दोन-तीन महिने इथे बसा. कोणत्या संघात भांडण आहे तेही आपोआप कानावर येतं.

संघात शिरण्याआधी एक प्रश्न विचाराच: मी उद्या सोडलं तर काय परत मिळेल? बचत, त्यावरचा नफ्याचा वाटा, वजा तुमचं कर्ज, आणि किती दिवसांत. उत्तर नियमावलीत लिहिलेलं दाखवलं तर ठीक. ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ म्हणाल्या तर पहिला हप्ता भरण्याआधी तो ठराव वहीत लिहून घ्या आणि सगळ्यांच्या सह्या होऊ द्या.