मॉरिशस आणि फिजीच्या साखरेचा एक्स्पोर्ट भाव सारखाच चालतो का?

भाऊ, 2009 पर्यंत बराचसा सारखा, कारण 1975 पासून युरोप दोघांचीही ठरलेली साखर ठरल्या भावानं घ्यायचा, आपल्या कापसाच्या हमीभावासारखं समजा. मंग 2006 मध्ये युरोपनं ह्या भावात चार वर्षांत 36 टक्के कपात ठरवली अन् दोघांनाही दणका बसला. तिथून वाटा वेगळ्या. मॉरिशसनं लहान कारखाने बंद करून रिफाइंड अन् स्पेशल ब्राऊन साखर काढली, तिले भाव जास्त भेटते. फिजी मुख्यतः कच्ची साखरच विकत राहिलं, त्यात 1997 पासून मक्त्याच्या जमिनीची मुदत संपत गेली अन् गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, नातवंडांच्या हातची कितीतरी वावरं सुटली. आमच्या बाबाचं मक्त्याचं वावरही असंच ऐन पेरणीच्या तोंडावर गेलं होतं, बियाण्याच्या थैल्या पडवीतच राहिल्या, म्हणून हे वाचलं की जीव तुटते. तुलना करताना कच्ची अन् रिफाइंड साखर वेगवेगळी धरा.