अपघातात एक डोळा गेला, पायही अधू झाला. दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डाने 30 टक्केच दिले, तर संजय गांधी निराधार योजनेची पेन्शन मिळेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांचा उजवा डोळा कायमचा गेला, ते लंगडतात, त्यात शुगर आहे, आणि दिव्यांगत्वाचा दाखला 30 टक्क्यांचा म्हणून तहसीलमध्ये अर्ज घेतला नाही. माझ्या मते तुमची केस अजून संपलेली नाही. मला लहानपणी पोलिओ झाला होता. आमच्या तालुक्यातल्या लोकांना बोर्डापुढे नेण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, त्या अनुभवावरून सांगतो.

एक डोळा पूर्ण गेला, पण दुसऱ्याला चष्मा लावून नीट दिसत असेल, तर दिव्यांगत्व मोजण्याच्या केंद्र सरकारच्या तक्त्यात 30 टक्केच बसतात. त्यात डॉक्टरांनी हात आखडता घेतलेला नाही. संजय गांधी निराधार योजनेला किमान 40 लागतात. माणसाचा रोजगार बुडाला का, हे बोर्ड बघत नाही. अवयव कायमचा किती निकामी झाला, तेवढंच बघतं. ड्रायव्हरचा डोळा जाणं म्हणजे घराची चूल विझणं, पण त्याला तक्त्यात जागा नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता दाखला पुन्हा वाचा. त्यावर फक्त दृष्टीचा प्रकार लिहिला असेल, तर पाय मोजलेलाच नाही. दिव्यांग दाखल्याच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर पुन्हा अर्ज करून बहुविकलांगता (एकापेक्षा जास्त प्रकारचं दिव्यांगत्व) म्हणून डोळा आणि पाय दोन्हींची तपासणी मागा. टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. 90 मधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून 90 ने भागायचं आणि उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. डोळ्याचे 30 आणि पायाचे 15 धरले, तर 60 गुणिले 15 भागिले 90, म्हणजे 10. एकूण बरोबर 40. पायाला 35 मिळाले तर 53 होतात.

पायाच्या तपासणीत हाडांचे डॉक्टर सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद बघतात. मग चालायला, जिना चढायला, मांडी घालायला, उकिडवं बसायला, दुखऱ्या पायावर उभं राहायला सांगतात. इथेच आपली माणसं घात करून घेतात. चारचौघांत कमीपणा नको म्हणून दात-ओठ खात उभी राहतात, काठी बाहेर ठेवून आत जातात. मिस्टरांना सांगा, घरी जसं चालता तसंच चाला. काठी लागत असेल तर ती घेऊनच जा. खोटं काही करू नका, पण दुखणं लपवूही नका. ऑपरेशनचे कागद आणि एक्स-रे सोबत ठेवा.

शुगरचे टक्के मिळत नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात मधुमेह नाही. शुगरमुळे पाय कापावा लागला, तर तो पाय मात्र धरला जातो. कॅन्सर, टीबी, एचआयव्ही यांसारख्या दुर्धर आजारांसाठी संजय गांधी योजनेत वेगळा गट आहे, त्याला टक्क्यांची अट नाही.

केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनचा नाद सध्या सोडा. तिला 80 टक्के आणि दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव लागतं.

40 झाले की यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (दिव्यांगांसाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला 50,000) आणि 15 वर्षांच्या रहिवासाचा पुरावा घेऊन संजय गांधी शाखेत अर्ज द्या. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना महिना 2,500 रुपये लागू झालेत. टक्के वाढवून देतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. निकाल पटला नाही, तर कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं. दाखला मुदतीचा मिळाला, तर तारीख उलटण्याआधीच फेरतपासणीला जा, नाहीतर चालू झालेली पेन्शन अडकते.